बेनची जागा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आर्चडीकनसाहेब. आमच्या चर्चच्या रेव्हरंड फिलिपाबाई. महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि आज टेबलावर दिसणाऱ्या सगळ्या केकांच्या कर्त्याकरवित्या सौ. बेरिल गॉडसॉल, व्यासपीठाच्या मधोमध, 'मी कशाला तिथं' असं म्हणत असताना जिला आम्ही जवळजवळ दंडाला धरून बसवलं ती सत्कारमूर्ती, कुमारी एनिड स्कर्म, थोरल्या गॅरोचे माझे गाववाले, आणि टेकडी चढून धाकट्या गॅरोहून आलेल्या पाहुण्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. धाकट्या गॅरोकरांना चहा मिळेल, केकही मिळेल. आमच्यांचं झाल्यावर.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. दुसऱ्या रांगेत माझी बायको मॅरियन बसली आहे. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलंय, ते मला इथून स्वच्छ दिसतंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पाच मिनिटांवर तिचा अजून काही विश्वास बसलेला नाही.

आता कुणी म्हणेल, फिलिपाबाईंसारख्या शिकलेल्या बाई असताना सफरचंदांची सायडर गाळणाऱ्या एडगर यॅपला बोलायला का उभं केलं? त्याचं कारण एवढंच की या सभागृहात एनिडला माझ्याइतकी वर्षं ओळखणारं दुसरं कुणी शिल्लक नाही. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. गणिताचं उत्तर हळूच विचारलं की मागे वळून म्हणायची, "शोध की, एडी." तेव्हाही सांगितलं नाही, आजही सांगत नाही. परवा तिच्या घरातलं सामान बांधायला गेलो आणि विचारलं, दोरी कुठाय? तर म्हणाली, "शोध की, एडी."

हीच बाई जगभरच्या अनोळखी लोकांना मात्र त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा शोधून देत राहिली. याला काय म्हणायचं?

परदेशातून आपल्या पूर्वजांचा माग काढत येणाऱ्यांना आमच्या गावात 'मुळंवाले' म्हणतात. गावात एखादी भाड्याची गाडी शिरली, चर्चच्या वाटेवर दोनदा पुढं-मागं झाली आणि आतून कुणी नकाशा उलटा धरलेला दिसला, की ओळखावं, मुळंवाले आले. आम्ही फक्त बोट दाखवायचं. निळ्या दाराचं घर. दार वाजवायच्या आत एनिडनं किटली ठेवलेली असायची.

तिची एक रीत होती. आलेल्या माणसाला ती नाव विचारायची नाही. लोक कागद काढायला लागले की म्हणायची, "ते राहू द्या. आधी चहा घ्या आणि मला सांगा, तुमच्या आजीच्या घरी पोरांना कशावरून ओरडा बसायचा?" माणसं गोंधळायची. पण मग कुणी सांगायचं, पाव उलटा ठेवला की आजी ओरडायची. कुणी म्हणायचं, दारात उभं राहून शीळ घातली की पाठीत धपाटा बसायचा. एनिड मान हलवायची आणि मनाशी गल्ली ठरवायची. ही शीळवाली म्हणजे गिरणीकडची प्रॉबर्ट मंडळी. मग नाव विचारायचं. तिचं म्हणणं असं की नावं कागदावर कशीही पडतात, ओरडा मात्र पिढ्यान् पिढ्या तोच राहतो.

एकदा ऑस्ट्रेलियाहून एक लठ्ठ गृहस्थ आले. घरी सांगत आलेले की आमचे मूळपुरुष गॅरोचे जहागीरदार. एनिडनं शोधलं. मूळपुरुषांनी बदकं चोरली होती, एकदा नव्हे, वारंवार, आणि म्हणून त्यांची समुद्रापार रवानगी झाली होती. आता हे त्या माणसाला कसं सांगायचं? एनिडनं त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला आणि म्हणाली, "तुमच्या पूर्वजांना पक्ष्यांचा फार लळा होता बघा. आणि प्रवास त्यांनी सरकारी खर्चानं केला." गृहस्थ खूश होऊन गेले. नंतर त्यांना कळलं असणारच, कारण नाताळात त्यांच्याकडून एनिडला एक लाकडी बदक आलं. ते तिच्या खिडकीत आहे.

आणि ते अमेरिकन जोडपं! आमच्या दफनभूमीत एका थडग्याला कवटाळून दोघं हमसाहमशी रडली. एनिड बाजूला छत्री धरून उभी. त्यांचं रडून झाल्यावर हळूच म्हणाली, "मन मोकळं झालं ना? बरं झालं. आता धाकट्या गॅरोत जाऊन उरलेलं रडून घेऊ, तुमची मंडळी तिथं आहेत." हसा, हसा. धाकटे गॅरोकर तर जास्तच हसतायत.

पण मी आज उभा राहिलो तो या गमती सांगायला नाही. मला बेनच्या जागेविषयी बोलायचंय. एनिड, तू असं मान हलवून 'नको' म्हणू नकोस. तुझ्या हातात माईक नाही, माझ्या हातात आहे.

आर्चडीकनसाहेब बाहेरचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. साहेब, आमच्या गावाची घरं सगळी ओढ्याच्या अलीकडे. चर्च आणि दफनभूमी पलीकडे. लग्नाला, बारशाला आपण पूल ओलांडतो आणि परत येतो. एकदाच काय तो परत येत नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणी वारलं की 'मेला' म्हणत नाहीत. 'पल्याड गेला' म्हणतात. मघाशी तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "चहा होतोय तोवर मी जरा पलीकडे जाऊन येतो," तेव्हा बेरिलबाईंच्या हातातली किटली का डुचमळली, ते आता लक्षात आलं असेल.

दुसरी गोष्ट, फुलांचा रविवार. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही आपापल्या माणसांच्या थडग्यांवरचं शेवाळ खरवडतो, गवत काढतो, आणि प्रिमरोझ, डॅफोडिल, जे काय कुंपणाला फुललं असेल ते वाहतो. प्रत्येक घराची थडगी ठरलेली. दुसऱ्याच्या थडग्याला आपण हात लावायचा नाही, त्यावरून इथं भांडणं झालेली आहेत.

उत्तरेच्या भिंतीशी, जिथं गोरगरिबांना पुरत आणि दगड कुणी लावत नसे, तिथं दोन उंचवटे आहेत. एक माणसाएवढा, एक अगदी लहान. मोठा उंचवटा पेग्ज मावशीचा. ही बाई विलोच्या काटक्यांचे कपडे वाळत घालायचे चिमटे करून दारोदार विकायची, आणि चिमटा म्हणजे पेग, म्हणून पेग्ज मावशी. खरं नाव कुणाला ठाऊक? मी तिला पाहिलेली नाही. ती स्कर्मांच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि एनिडच्या आजीची जिवाची मैत्रीण होती. शेजारच्या लहान उंचवट्याला स्कर्मांच्या घरात म्हणायचे, 'बेनची जागा'. आणि दर फुलांच्या रविवारी आधी आजी, मग एनिडची आई, मग एनिड, आपल्या घरच्या थडग्यांच्याही आधी त्या जागेवर फुलं ठेवणार.

आम्ही सगळे समजत होतो की तिथं स्कर्मांचा कुत्रा पुरलाय. आता बेन हे काय माणसाचं नाव नाही असं नाही, पण माझ्या आजोबांचा बेन कुत्रा होता, प्रॉबर्टांचा बेन कुत्रा होता, तेव्हा मी तरी काय समजणार?

तर काही वर्षांपूर्वी कॅनडाहून नोरीनबाई आल्या. नोरीन बेकस्ट्रॉम. उंच, बोलायला थोड्या तुटक, साठीच्या पुढच्या. चहा घेतला. एनिडनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, आजी-आजोबांच्या घरी ओरडा कशावरून बसायचा? नोरीनबाई म्हणाल्या, "आजोबा ओरडायचे नाहीत. बोलायचेच नाहीत. नाताळच्या दिवशी तेवढं एक वाक्य बोलायचे."

"कोणतं?"

"माझी आई मला विसरली."

मी तेव्हा तिथंच होतो, एनिडच्या गटाराची झाकणी बसवत होतो, म्हणून ऐकलं. त्या आजोबांचं नाव रूबेन ग्विलियम. वडील दगडाच्या खाणीत अपघातात गेले. आई हॅना, ती तापानं अंथरुणाला खिळली, तिला इस्पितळात नेलं आणि पोराला शहरातल्या एका अनाथाश्रमात ठेवलं. तिथून आठव्या वर्षी त्याला जहाजात बसवून कॅनडाला धाडलं, शेतावर राबायला. अशी पुष्कळ मुलं त्या काळी पाठवली. तो पोरगा आश्रमाच्या पायरीवर बसून राहायचा म्हणे, आई येईल म्हणून. मग जहाजावरही. मग तिकडच्या शेताच्या फाटकावर. कुणी आलं नाही. पुढं तो मोठा झाला, लग्न केलं, शेत घेतलं, नातवंडं पाहिली, म्हातारा होऊन वारला. आणि ते एक वाक्य मात्र घरात ठेवून गेला.

नोरीनबाई म्हणाल्या, "माझे वडील अजून आहेत, सत्त्याऐंशीचे. ते म्हणतात, मला काही वंशवेल नको, चित्रं नकोत. तेवढं एक विचारून ये. ती खरंच विसरली होती का?"

एनिडनं चर्चची रजिस्टरं काढली. रूबेनचा बाप्तिस्मा सापडला. हॅनाचं लग्न सापडलं. बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणी, हॅना ग्विलियमचं दफनही सापडलं. मधलं काही नाही. चार दिवस ती बिचारी नोरीन आणि आमची एनिड डोळे फोडत बसल्या. शेवटी एनिडनं चष्मा काढला आणि म्हणाली, "बाळ, ह्या पानांत जन्म, लग्न आणि मरण एवढ्यालाच रकाने आहेत. आठवण होती का नव्हती, हे लिहायला कुणी जागा ठेवलेली नाही." एनिड रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवतेय, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. तिचा चेहरा मला बघवेना.

नोरीनबाईंचं विमान सोमवारचं. मधला दिवस फुलांचा रविवार. एनिड म्हणाली, "नाहीतरी खोलीत बसून काय करशील? ये माझ्याबरोबर."

मी आमच्या आईच्या दगडाशी ब्रश घेऊन बसलो होतो. या दोघी टोपली घेऊन उत्तरेच्या भिंतीकडे गेल्या. एनिडनं त्या लहान उंचवट्यावर ओलं शेवाळ पसरलं, त्यात प्रिमरोझ खोचले. नोरीनबाईंनी विचारलं, "हे कुणाचं?"

"बेनची जागा."

मी म्हटलं आपण मदत करावी. म्हणून तिथूनच ओरडलो, "कुत्रा होता त्यांचा!"

"एडी, तू तुझ्या आईच्या दगडावरचं शेवाळ काढ. कुत्रा म्हणे! पेग्ज मावशीचा पोरगा होता तो."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मी निमूट शेवाळ खरवडायला लागलो.

आणि मग तिनं टोपलीच्या तळातून एक कपड्यांचा चिमटा काढला आणि फुलांच्या मधोमध मातीत खोचला. विलोच्या दोन पट्ट्या, वर डब्याच्या पत्र्याचं वळं, एक खिळा. नोरीनबाई वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, "हे काय?"

"चिमटा. मावशी ठेवायची म्हणून आजी ठेवायची, आजी ठेवायची म्हणून मी ठेवते. दरवर्षी नवा करते. आजीनं शिकवलाय."

"पत्र्याखाली ह्या दोन खाचा कशाला?"

"मावशीच्या चिमट्याला असायच्या. बाकी कुणी करत नाही अशा. का गं?"

नोरीनबाईंनी त्या खाचांवरून बोट फिरवलं. त्या म्हणाल्या, "माझे आजोबा असेच करायचे. दोन खाचा. दुकानातले चिमटे घरात आणू द्यायचे नाहीत, आजी वैतागून जायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याची चिकटपणाची खोड."

एनिड गुडघ्यांवरच होती. ती म्हणाली, "रूबेन." मग ओठांतल्या ओठांत, "रूबेन. बेन."

"तिकडे त्यांना सगळे रूब म्हणायचे," नोरीनबाई म्हणाल्या.

"आजी सांगायची, मावशी तापातून उठली, अंगात त्राण नाही, तशी चालत शहरात गेली पोराला आणायला. दारावरचा माणूस म्हणाला, तुमचा पोरगा पलीकडे गेला. परत आली ती आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. म्हणाली, बेन पल्याड गेला."

"हो, गेलेच की पलीकडे," नोरीनबाई म्हणाल्या. "जहाजानं. कॅनडाला."



लोकहो, मी काही हळवा माणूस नाही. माझ्या झाडांना रोग पडला तेव्हाही मी रडलो नव्हतो, मॅरियनला विचारा. पण माझ्या हातातला ब्रश खाली पडला. त्या शहरातल्या माणसानं समुद्राच्या पलीकडे म्हटलं. ऐकणारी गॅरोची. तिच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. तिनं पुढं विचारलंही नाही, कुठं पुरलंत म्हणून. गरिबाच्या मुलाचं थडगं मागायची हिंमत त्या काळी कुणाला होती? तिनं इथं येऊन, भिंतीशी, आपल्या हातानं मातीचा एक उंचवटा केला. खाली काही नाही. नुसती माती. आणि मरेपर्यंत दर फुलांच्या रविवारी तिथं फुलं आणि आपल्या हातचा एक चिमटा ठेवत राहिली, कारण पोरगा तिच्या मांडीशी बसून तेवढंच करायला शिकला होता. मरताना एनिडच्या आजीला सांगून गेली, मला त्याच्या शेजारी ठेवा, आणि त्याची फुलं चुकवू नका.

तिकडे तो फाटकावर बसलेला. इकडे ही गुडघ्यांवर. त्याला वाटलं आई विसरली, तिला वाटलं पोर मेलं. एका शब्दानं दोघांचं आयुष्य असं करून टाकलं, दुसरं काय म्हणू मी?

रजिस्टरात हॅना ग्विलियम, गावाच्या तोंडी पेग्ज मावशी. दोघी एकच, हे एनिडला त्या क्षणी कळलं. ती ओल्या गवतात तशीच खाली बसली आणि नोरीनबाईंचा हात धरून म्हणाली, "अगं, मी तुझ्याच माणसाला फुलं ठेवत होते की गं जन्मभर."

फोन आमच्या घरून लावला, कारण दफनभूमीपासून आमचं घर जवळ. मॅरियननं दोघींना कोरडे मोजे दिले. नोरीनबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "बाबा, ती विसरली नव्हती." मग सगळं सांगितलं. पलीकडून तो म्हातारा म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की आम्हाला चुलीपाशी ऐकू आलं, "अरे देवा. आता बाबांना कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशी, तिकडे अजून बर्फ होता, तो सत्त्याऐंशीचा माणूस मुलाला गाडी काढायला लावून बापाच्या कबरीवर गेला आणि तिथं उभं राहून मोठ्यानं सांगून आला. मला ते ऐकून फार बरं वाटलं. कबरीला ऐकू जातं की नाही, ते फिलिपाबाईंचं खातं.

मॅरियन घड्याळ दाखवतेय. बरं, आवरतो. म्हणजे आवरायला घेतो.

पुढं चर्चच्या समितीत विषय निघाला. आमचे एक सभासद आहेत, नाव घेत नाही, पण ते तिसऱ्या रांगेत बसून आता स्वतःच्या बुटांकडे बघतायत. ते म्हणाले, खाली कुणी नाही हे आता सिद्ध झालं, पोरगा तिकडे सुखानं म्हातारा होऊन गेला, तर तो उंचवटा सपाट करायला हरकत नाही, गवत कापायचं यंत्र तिथं अडतं. मुद्दा बिनचूक होता. सगळे एनिडकडे बघायला लागले. एनिड म्हणाली, "आजीनं मला फुलं ठेव म्हणून सांगितलंय. थांब म्हणून कुणी सांगितलेलं नाही." विषय संपला. यंत्र अजून तिथं अडतं.

आणि आता एनिड चालली. यंदा फुलांच्या रविवारच्या आठवडाभर आधी ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला, आणि डॉक्टर म्हणाले की ते निळं दार आणि तो उभा जिना आता तुम्हाला नाही जमायचा. भाचीकडे जातेय, समुद्रकाठी, खालच्या मजल्यावर खोली आहे, खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. तिनं आमच्यापैकी कुणाकडे काही मागितलं नाही. भांडी वाटून टाकली, चर्चच्या किल्ल्या फिलिपाबाईंना दिल्या. पण तिला एक घोर लागलाय, तो मला माहीत आहे. स्कर्मांच्या घरात आता तिच्यामागे कुणी नाही. दुसऱ्याच्या थडग्याला हात लावायचा नाही ही गावची रीत. मग बेनची जागा कुणाची?

एनिड, या वर्षीच्या फुलांच्या रविवारी तू इस्पितळात होतीस. आदल्या दिवशी मी भेटायला आलो, तेव्हा तू माझी बाही धरून म्हणालीस, "एडी, बेनचं बघशील ना?" सोमवारी पुन्हा आलो, तेव्हा तू विचारलंस, "झालं का?" मी म्हटलं, झालं. तेवढंच म्हटलं, कारण नर्सनं मला बजावलं होतं की हिला हसवू नका, रडवू नका, टाके ओले आहेत. आता टाके सुकलेत. आता ऐक.

सकाळी उजाडता उजाडता मी टोपली घेऊन पूल ओलांडला. आमच्या बागेतले प्रिमरोझ, आणि एक चिमटा. माझ्या हातचा, वाकडातिकडा, खाचा दोनाच्या तीन पडलेल्या. म्हटलं, कुणी बघायच्या आत ठेवून यावं. भिंतीशी गेलो तर बेनची जागा दिसेचना. मला वाटलं, मी चुकलो.

फुलांखाली गेली होती ती. जॅमच्या बरण्यांत प्रिमरोझ, अंड्याच्या कपांत व्हायोलेट, शाळेतल्या पोरांनी शेवाळाचा केलेला क्रूस. बेरिलबाईंचे डॅफोडिल, ते मी त्यांच्या फडताळातल्या फुलदाणीवरून ओळखले. रानआलुबुखाराच्या फुललेल्या फांद्यांचा एक भारा होता. तसं झाड गावात एकाच माणसाच्या परसात आहे, आणि तो माणूस तिसऱ्या रांगेत अजून बुटांकडेच बघतोय. धाकट्या गॅरोहून कुणीतरी अख्खी कुंडी आणून ठेवलेली, खाली त्यांच्या चर्चची चिठ्ठी, नाहीतर ते श्रेय सोडतील होय? आणि सगळ्यांच्या भोवती, उंचवट्याच्या कडेनं, चिमटेच चिमटे खोचलेले. लाकडी. तारेचे. निळे, गुलाबी, प्लास्टिकचे! त्या दिवशी गावात कुणाच्या घरी कपडे वाळत घालायला चिमटा उरला नसेल.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी नंतर चौकशी केली. जो तो मनाशी म्हणाला, एनिड नाहीये, तर आपण गुपचूप जाऊन यावं. एवढंच.

मी शेजारी मावशीच्या उंचवट्याकडे पाहिलं. तोही भरलेला. मी टोपली घेऊन तसाच उभा. एनिड, अगं, ठेवायला जागाच नव्हती. मी माझी फुलं परत घेऊन आलो आणि मॅरियननं ती चहाच्या किटलीत घालून खिडकीत ठेवली. तो तीन खाचांचा चिमटा मात्र मी कसाबसा एका कोपऱ्यात घुसवला.

तर एनिड, बेनची जागा कुणाची, याचं उत्तर मी पहिल्यांदाच न विचारता शोधून आणलं. आता तू वळून माझ्याकडे बघ. शाळेत कधी शाबासकी दिली नाहीस, आज दे.

बास. मॅरियननं घड्याळ परत हातात बांधलं, म्हणजे तिनं आशा सोडली. अध्यक्षमहाराजांनी एवढ्या लांबून येऊन आमचं कौतुक ऐकून घेतलं, त्यांचे आभार. महिला मंडळाचे केकबद्दल, धाकट्या गॅरोकरांचे कुंडीबद्दल आभार. गावातर्फे एनिडला भेट द्यायचं घड्याळ बेरिलबाई देतील, ते चालू आहे, मी तपासलंय. माझ्या बोलण्यात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला उगीच बुटांकडे बघावं लागलं असेल, तर म्हातारा आहे म्हणून पदरात घ्या.

आणि एनिड, शेवटचं. उद्या भाचीची गाडी येईल, आम्ही सगळे निळ्या दारापाशी असू. त्या वेळी 'जाते' म्हणू नकोस हं. या गावानं त्या शब्दाचं फार भोगलंय. फुलांचा रविवार दरवर्षी असतो. 'येते' म्हण.